अण्णांनी दिलेला कागद

ताई, नमस्कार.

मी 44 वर्षांचा आहे, पुण्यात एका कारखान्यात नोकरी करतो. मूळचा औसा तालुक्यातला. आमचं गाव किल्लारीपासून फार लांब नाही. भूकंपात गावातलं माळवदाचं, म्हणजे मातीच्या जड छताचं घर पडलं, तेव्हापासून अण्णा आणि आई शेतातच राहतात. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. पत्र्याच्या दोन खोल्या, पुढं ओटा, बाजूला म्हशीचा गोठा. अण्णा आता 73 चे आहेत, आई 68 ची. सहा एकर जमीन. यंदा सप्टेंबरच्या पावसात सोयाबीन पाण्यात गेलं, ओढ्याकडचा बांधही फुटला.

मागच्या शनिवारी मी एकटाच गेलो. या वेळी विषय काढायचाच, असं ठरवून गेलो होतो. जमीन विकायची, नाहीतर कुणाला तरी लावून द्यायची आणि दोघांनी पुण्याला यायचं. आमचा फ्लॅट नवव्या मजल्यावर आहे, लिफ्ट आहे, एक खोली रिकामीच असते. दुपारी चारला पोचलो. अण्णांनी विचारलं, "रस्ता कसा हाय?" मी म्हटलं, "बरा आहे." त्यानंतर अंधार पडेपर्यंत आम्ही ओट्यावर बसून होतो आणि जवळजवळ काहीच बोललो नाही. आईनं म्हशीची धार काढली. बल्ब चालू असताना काडेपेटी चाचपून शोधली, चूल पेटवली. मध्येच म्हणाली, "तुमच्याकडं नळाला दिवसभर पाणी असतंय का रं?" मी म्हटलं, "असतं." जेवणं झाल्यावर अण्णांनी पेटीतून एक कागद काढून माझ्यापुढं धरला. "हे जरा बघ." दिवसभर गाडी चालवून मी दमलो होतो. म्हणालो, "सकाळी बघतो." मग रात्रीची लाइट आली तसे ते बॅटरी घेऊन गव्हाला पाणी द्यायला गेले. आल्यावर एवढ्या थंडीत बाहेर बाजेवरच झोपले. सकाळी मला लवकर निघायचं होतं, सहालाच निघालो. विषय राहिलाच.

येताना टेंभुर्णीच्या अलीकडं गाडी कडेला लावली आणि रडलो. एवढा वेळ मिळाला होता आणि एक शब्द बोलता आला नाही. बहीण लातूरला असते, ती येऊन-जाऊन असते. मुलगा म्हणून मी कमी पडलो का? आणि हा विषय काढू कसा, ते सांगा.

– एक मुलगा, पुणे

दादा,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच ठिकाणी अडले. तो कागद कसला होता?

तुम्ही पत्रात त्याला दोन ओळी दिल्यात आणि पुढं गेलात. सकाळी सहाला निघताना तो तुमच्या लक्षातही नव्हता, असं वाटतं. अण्णांच्या मात्र असणार. तुमच्या अण्णांच्या वयाची, मराठवाड्यातली, बेताचं शिकलेली माणसं मी बरीच पाहिली आहेत. ती पोराला 'मला मदत कर' असं कधी म्हणत नाहीत. 'हे जरा बघ' म्हणतात, आणि तेही एकदाच.

काय असेल त्यात? मला कसं कळणार! पण या वर्षी शेतकऱ्याच्या पेटीत कोणते कागद असू शकतात, ते सांगते. अतिवृष्टीच्या मदतीच्या यादीतल्या नावाचा काही घोळ असेल. फार्मर आयडी काढायचा राहिला असेल. पीएम किसानचे वर्षाला 6,000 रुपये तीन हप्त्यांत येतात, ते केवायसीपायी अडकले असतील. ई-पीक पाहणी 2021 पासून शेतकऱ्यानं स्वतःच्या मोबाईलवरून करायची असते. बांधावर उभं राहून, फोटो काढून! ज्याच्याकडं बटणांचा फोन आहे त्यानं ती कशी करायची, हे विचारायचं कुणाला? शेजारच्या पोराला. तो पोरगा दोनदा करून देतो, तिसऱ्यांदा 'मामा, रेंज नाही' म्हणतो. किंवा ती गावच्या विकास सोसायटीच्या कर्जाची नोटीस असेल. किंवा लातूरच्या एखाद्या डॉक्टरांची चिठ्ठी असेल, जी आईसमोर वाचायची नव्हती. ही शेवटची शक्यता मला सगळ्यात जास्त टोचते, कारण सोसायटीची नोटीस असती तर त्यांनी ती तुम्ही आल्या-आल्या, उजेड असतानाच दाखवली असती. जेवणं होईपर्यंत ते थांबले.

माझं चुकतही असेल. पत्रांतून माणसं ओळखायची मला खोड आहे आणि तोंडावर पडायची सवयही आहे. पण कागद बघायचा राहिलाय, एवढं तरी खरं ना?

आता त्या संध्याकाळबद्दल. काहीच बोललो नाही, असं तुम्ही लिहिलंय. तुमच्याच पत्रावरून मोजलं तर अण्णा दोनदा बोलले आणि आई एकदा. तिन्ही वेळा उत्तर एका दमात देऊन तुम्ही परत आपल्या विषयाची वाट बघत बसलात. त्यांनी उघडलेलं एकेक दार तुम्ही 'बरा आहे', 'असतं', 'सकाळी बघतो' म्हणत लावून घेतलंत. हे रागानं म्हणत नाही. मीही हेच केलंय, ते पुढं सांगते.

'रस्ता कसा हाय?' हा प्रश्न रस्त्याचा नसतो, हे तुम्हालाही ठाऊक आहे. तू किती वेळा येऊ शकतोस, असा तो प्रश्न आहे. त्यावर 'बार्शीपर्यंत बरा आहे, मुरूडच्या पुढं खड्डे आहेत, सहा-सात तास लागले, वाटेत चहा घेतला, तिथं अमुक भेटला' एवढं जरी सांगितलं असतं, तरी अर्धा तास सहज गेला असता. शेतावरच्या माणसाशी बोलणं असंच आडवाटेनं जातं. पाऊस, भाव, कुणाची म्हैस व्याली, कुणाचा बोअर आटला. आणि मग मध्येच, तोंडातली सुपारी फोडता फोडता, खरं काय ते येतं. तुम्ही मात्र सरळ रस्ता धरायला गेलात.

आईच्या प्रश्नाकडं वळू. 'तुमच्याकडं नळाला दिवसभर पाणी असतंय का रं?' माझ्या मते तुमच्या पत्रातला तुमच्या सगळ्यात सोयीचा शब्द हाच होता आणि तो तुम्ही ऐकला नाहीत. गुडघे दुखणारी, घागर उचलणारी, धुणं बोअरच्या हौदावर नेणारी अडुसष्ट वर्षांची बाई हे सहज विचारत नसते. तिला कदाचित यायचंय. चार महिने असेल, उन्हाळ्यापुरतं असेल, पण यायचंय, आणि नवऱ्यासमोर तसं म्हणता येत नाही. तुम्ही मनात 'आई-अण्णा' असा एकच शब्द धरून गेलात. ती दोन माणसं आहेत. पंचेचाळीस-पन्नास वर्षं एका चुलीवर जेवली म्हणून दोघांना एकच हवं असतं, असं नाही.

माझ्या घरी नेमकं हेच झालं. माझे वडील, आम्ही त्यांना बापू म्हणायचो, बार्शी तालुक्यात शेतात राहायचे. 2009 साली मी हट्टानं दोघांना माझ्या घरी आणलं. तिसरा मजला, लिफ्ट नाही. बापू पहाटे चारला उठायचे, आपली चादर घडी करायचे, डोक्याला टोपी घालायचे आणि दिवा न लावता हॉलमधल्या खुर्चीवर बसून राहायचे. आमची झोप मोडू नये म्हणून. मी सहाला उठायचे तेव्हा ते तसेच टोपी घालून, कुठं तरी निघायचं असल्यासारखे बसलेले असायचे. आपण फार चांगलं करतोय, असं मला पहिला महिनाभर वाटत होतं. मी त्यांना पेपर लावला, जवळचा बाग दाखवला. एक दिवस ते मला म्हणाले, "आज वार कोणता?" बापूंना तिथी पाठ असायची, अमावास्या कधी, नक्षत्र कधी लागतं, सगळं. मी घाबरले, डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, काही झालेलं नाही. खरंच काही झालेलं नव्हतं. वार कळायला ज्या खुणा लागतात, म्हणजे बुधवारचा बाजार, गुरुवारी येणारा दूधवाल्याचा हिशोब, त्या माझ्या घरात नव्हत्याच. चार महिन्यांनी ते परत गेले.

आई मात्र रमली होती. बापू वारल्यावर ती माझ्याकडं आली आणि इमारतीतल्या बायकांची भिशी चालवू लागली. तिला परत शेतावर नेऊ का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "तिथं काय ठेवलंय?" मला धक्काच बसला. चाळीस वर्षं मी समजत होते की शेत दोघांचंही जीव की प्राण आहे.

म्हणून आईला एकटीला विचारा. अण्णा पाण्यावर गेले असताना, ती भाकरी थापत असताना. समोर बसून नको, बाजूला बसून.

आता तुमचा नववा मजला. इथं मला थोडं सविस्तर बोलायचंय.

30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, रात्री उशिरापर्यंत विसर्जनाच्या मिरवणुका, माणसं दमून झोपलेली. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सुमारे 10,000 माणसं गेली. ती कशामुळं गेली, हे तुमच्या भागातल्या प्रत्येकाला माहीत आहे. रुंद दगड-मातीच्या भिंती आणि वर माळवदाचा मातीचा बोजा. धक्क्यानं भिंती सुटल्या आणि ते ओझं झोपलेल्यांच्या अंगावर आलं. त्यानंतर कितीतरी वर्षं त्या पट्ट्यातली माणसं पत्र्याच्या घरात, नाहीतर सरळ उघड्यावर झोपत होती. पुनर्वसनात पक्की घरं मिळालेलीसुद्धा.

तुम्ही लिहिलंय, घर पडलं तेव्हापासून अण्णा शेतात राहतात. पत्र्याच्या दोन खोल्या. आणि एवढ्या थंडीत बाहेर बाजेवर झोपतात. हे तुम्ही त्यांचा हट्टीपणा दाखवायला लिहिलंत की सहज लिहिलंत, मला ठरवता येईना. पण दादा, हा माणूस बत्तीस वर्षं डोक्यावर जड छप्पर न घेता झोपतोय आणि तुम्ही त्याच्यासाठी अशी खोली ठेवलीय, जिच्या खाली आठ मजले आणि वरही आणखी काही. लिफ्ट आहे, म्हणता. मी अण्णांच्या जागी असते, तर लिफ्टचं नाव ऐकूनच अंगाला घाम फुटला असता.

ते कधी बोललेत का त्या रात्रीबद्दल? तुम्ही बारा वर्षांचे होतात, तुमच्या आठवणी वेगळ्या. त्यांनी त्या सकाळी काय उपसलं, कुणाला बाहेर काढलं, कोण सापडलं नाही, हे तुम्हाला माहीत आहे का? नसेल तर पुण्याचा विषय काढण्याआधी हा विषय काढा. काढा म्हणजे समोर बसवून मुलाखत घेऊ नका. नुसतं एवढं विचारा, 'अण्णा, माळवद पडलं तेव्हा मी कुठं झोपलो होतो?' त्यांना सांगायचं असेल तर ते सांगतील. नसेल तर 'ओट्यावर' म्हणून गप्प बसतील, तेही चालेल. माझा अंदाज साफ चुकला, ते नुसतं उकाडा आणि डास म्हणून बाहेर झोपायला लागले आणि मग सवयच झाली, असं निघालं, तर फार बरं. पण माहीत करून घ्या.

बहिणीबद्दल तुम्ही एक ओळ लिहिलीत. 'ती येऊन-जाऊन असते.' येऊन-जाऊन म्हणजे नेमकं काय, ते तिला विचारलंत का कधी? माझा अंदाज सांगते. एसटीनं जाते, कारण बायकांना अर्धं तिकीट आहे. जाताना गोळ्या नेते, येताना दळण नाहीतर दुधाची बाटली घेऊन येते. अण्णांचं पोट साफ होत नाही, आईला रात्री दिसत नाही, हे सगळं तिला ठाऊक आहे. तुम्ही पुण्याहून जमीन विकायचं ठरवून निघालात, ते तिला विचारून निघालात का? भावनेची गोष्ट बाजूला ठेवू. वडिलोपार्जित जमिनीत 2005 च्या दुरुस्तीपासून मुलीचा मुलाइतकाच हक्क आहे आणि सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलंय. सहा एकरांचं काय करायचं, यात तिला वगळून तुम्हाला पुढं जाताच येणार नाही. आणि कृपा करून हक्कसोडपत्राची भाषा आत्ता कुणाच्याही तोंडी येऊ देऊ नका. पण त्याहीआधी तिला नुसता फोन करा आणि विचारा, 'मागच्या महिन्यात काय काय झालं?' बराच वेळ ऐकून घ्यावं लागेल. थोडं उणंदुणंही ऐकून घ्या, तुमच्या वाट्याचं आहे ते.

तुमच्या बायकोचाही पत्रात उल्लेख नाही. ती रिकामी खोली झाडतं कोण? दोघं आले तर दुपारचा चहा, पथ्याचं जेवण, दवाखान्याचा नंबर हे कुणाकडं जाणार? तिला विचारलं असेल, असं धरून चालते.

काडेपेटी चाचपून शोधली, असं तुम्ही लिहिलंत. बल्ब चालू असताना. याकडं आधी बघा. बहुतेक मोतीबिंदू असेल आणि त्याची शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात फुकट होते. चुलीपुढं बसणाऱ्या बाईला दिसत नसेल, तर ती कधी पदर पेटवून घेईल, सांगता येत नाही. बहिणीला घेऊन लातूरला तपासणी करा, याला पुण्याच्या निर्णयाची वाट बघायची गरज नाही. अण्णांची सत्तरी ओलांडलीय, तेव्हा त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं. वर्षाला 5 लाखांपर्यंतच्या उपचारांचं आणि उत्पन्नाची अट नसलेलं. आधार घेऊन गेलं की काम होतं. आईला त्यासाठी अजून दोन वर्षं आहेत.

आणि आता रात्रीचं पाणी. मुलगा म्हणून कमी पडलो का, असं विचारता ना? मला त्याचं उत्तर देता येत नाही. पण 73 वर्षांचा माणूस डिसेंबरच्या रात्री बॅटरी घेऊन तुषार सिंचनाचे पाइप बदलत होता आणि तुम्ही घरात झोपलेले होतात. मी असं लिहिते म्हणून वाईट वाटून घेऊ नका, वाटलंच तर पुढच्या वेळी त्यांच्याबरोबर जा. गेलात की कळेल, तुषारचा पाइप भरलेला असताना किती जड असतो, आणि चिखलात तो एका हातानं उचलून दुसऱ्या हातानं क्लिप लावताना कंबर कुठं जाते. शेतीच्या फीडरला, म्हणजे वीजवाहिनीला, मोटारीची थ्री फेज लाइट पाळीनं मिळते, कधी दिवसा आठ तास, कधी रात्री. रात्रपाळी आली की गहू थांबत नाही. पायात साधी चप्पल, गवतात घोणस. पडले, तर सकाळपर्यंत कुणाला कळणार नाही.

यावर करता येण्यासारखं बरंच आहे आणि ते सगळं 'चला पुण्याला'पेक्षा सोपं आहे. गमबूट आणि डोक्याला बांधायची बॅटरी या वेळी जातानाच घेऊन जा. मोबाईलवरून मोटार चालू-बंद करणारा स्टार्टर मिळतो. त्यामुळं निदान विहिरीपर्यंतची खेप वाचते, पाइप मात्र बदलावेच लागतात. तुमचा फीडर मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत येतो का, आला तर दिवसा लाइट कधीपासून, हे महावितरणच्या कार्यालयात जाऊन विचारून या. अण्णांनी चारदा विचारलं असेल, तुम्ही गेलात तर कदाचित कागदावर उत्तर मिळेल. रात्रपाळीच्या आठवड्यापुरता एखादा माणूस रोजानं लावा आणि पैसे तुम्ही द्या. 'गडी लावला' म्हटलं तर अण्णा नाही म्हणतील. 'शेजारच्या पोराला काम नाही, त्याला थोडं बघा' म्हटलं तर कदाचित हो म्हणतील. आणि गहू पुढच्या वर्षी पेरायचाच का, हे त्यांनाच विचारा. घरापुरतं अर्धा एकर पुरत असेल.

जमीन लावून द्यायचं म्हणाल, तर बटईचं नाव काढताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. अण्णांच्या पिढीनं कुळकायद्याचे किस्से ऐकलेत, कसणाऱ्याच्या नावावर जमीन गेल्याचे. परक्याला रान द्यायचं म्हटलं की त्यांच्या पोटात गोळा येतो आणि ते काही अगदीच अडाणीपण नाही. म्हणून एकदम सहा एकर नको. लांबचं, ओढ्याकडचं, बांध फुटलेलं दोन एकर, भावकीतल्या कुणाला, पाडव्यापासून पाडव्यापर्यंत एका वर्षासाठी. एवढ्यावर ते विचार तरी करतील. घराभोवतीचं रान त्यांच्याकडंच राहू द्या. विकण्याचा शब्द यंदा काढू नका. सोयाबीन पाण्यात गेल्याच्या वर्षी मुलगा जमीन विकायचं म्हणाला, तर 'तुमचं आता जमत नाही' एवढंच त्यांना ऐकू येईल. यंदा, 2025-26 साठी, सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये जाहीर झाला आणि त्यांच्या घरात विकायला सोयाबीनच नाही. त्यावर ते तुमच्याशी एक अक्षर बोलले नाहीत. याचा अर्थ त्यांना काही वाटत नाही, असा घेऊ नका.

आता, विषय काढायचा कसा, हा तुमचा प्रश्न. येळवस, म्हणजे शेतात साजरी होणारी वेळ अमावास्या, जवळ आलीय. तुमच्याकडं ती केवढी असते, हे मी तुम्हाला काय सांगणार? बायको-मुलांना घेऊन जाच. पण येळवसेच्या दिवशी सगळं शिवार माणसांनी फुललेलं असतं, एकेकाला भज्जी आणि आंबील वाढण्यात आईला श्वास घ्यायला वेळ नसतो. त्या दिवशी बोलणं होणार नाही. तुम्ही दोन दिवस आधी जा, एकटेच, रजा टाकून. कडब्याची कोप उभी करायची असते ना? अण्णांबरोबर ती उभी करा. पेंढ्या तुम्ही द्या, बांधू दे त्यांना. कडबा द्यायला-घ्यायला दोन माणसं लागतात आणि हात गुंतलेले असले की तोंडं मोकळी होतात. तेव्हाही पुण्याचा विषय काढू नका. 'यंदा पाणी कोण देणार, अण्णा?' एवढंच विचारा आणि गप्प बसा. या वेळी ते काय म्हणतात, त्याची वाट बघा, तुमच्या विषयाची नाही.

दोन रात्री राहा. एका रात्रीच्या पाहुण्याला घर दिसत नाही, जेवण तेवढं दिसतं. पहिल्या रात्री दमलेलेच असाल, झोपा. दुसऱ्या रात्री लाइट आली की उठा आणि बरोबर जा.

गाडी कडेला लावून रडलात, ते बरं केलंत. पण तो रडण्याचा हिशोब तुम्ही चुकीच्या खात्यावर लावलाय, असं मला वाटतं. तुम्ही न बोललेल्या भाषणासाठी रडलात. ते भाषण झालं असतं तर संध्याकाळ नासली असती. म्हैस, चूल, ओटा, अंधार पडताना शेजारी बसलेला मुलगा, यातलं काहीच वाया गेलेलं नाही. तुम्ही गेल्यावर आईनं चार घरी सांगितलं असेल की पोरगं येऊन बसलं होतं. नुसतं बसलं होतं, असंच म्हणाली असेल ती.

कागदाचं मात्र येळवसेपर्यंत लांबवू नका. हे वाचून झालं की आजच फोन करा. आईच्या नंबरवर नको, तिच्यासमोर ते सांगणार नाहीत. अण्णांच्याच फोनवर करा आणि 'त्या रात्री तुम्ही दाखवत होता तो कागद बघायचा राहिला, चूक झाली' असं सरळ म्हणा. ते म्हणतील, 'काही नाही, असंच होतं.' तरी विचारा. वाचून दाखवता येत नसेल, तर शेजारच्या पोराकडून फोटो मागवा. तेही नको म्हणाले, तर बहिणीला रविवारी पाठवा.

आणि सातच्या आत करा. रात्रपाळी असेल, तर त्यानंतर ते बॅटरी शोधायला लागतात.